हिवतापाची मॉलिक्युलर चाचणी पारखताना

सिकंदराबादहून मनमाडकडे निघालेली गाडी निजामाबाद, बासर, धर्माबाद करीत नांदेड जिल्ह्यातल्या आपल्या उमरीला येते. या मार्गाच्या त्या टोकाला, बेगमपेठेत, 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांनी एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळ्या कणांचे गोल कोश पाहिले, आणि हिवताप डासातून पसरतो याचा पहिला पक्का धागा हाती आला. हा लोहमार्ग पुरा व्हायला तेव्हा अजून काही वर्षे होती. पण उमरी आणि बेगमपेठ ही दोन्ही ठिकाणे निजामाच्याच राज्यात होती. हुसेन खान नावाचा रुग्ण आपल्या अंगावर डास चावून घ्यायला तयार झाला, त्याला दर डासामागे एक आणा मिळाला, हे रॉस यांनीच नोंदवून ठेवले आहे. त्या दिवसाआधी रॉस यांनी कितीतरी महिने भलत्याच जातीचे डास चिरले होते आणि त्यांत काही सापडत नव्हते. सूक्ष्मदर्शक तोच होता, पाहणारा डोळाही तोच. नमुना बदलला तेव्हा उत्तर मिळाले. चाचणी पारखण्याच्या शास्त्रातला पहिला धडा आपल्या शेजारी गिरवला गेला आहे, असे मी मानतो.

ही पुस्तिका त्याच शास्त्राविषयी आहे. हिवतापाच्या निदानासाठी आता पीसीआर, रिअल टाइम पीसीआर, लॅम्प, चिपवर चालणारी छोटी यंत्रे अशा मॉलिक्युलर चाचण्या आल्या आहेत. त्यांच्या माहितीपत्रकांवर मोठमोठे आकडे असतात. ते आकडे कसे वाचायचे, कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा आणि आपल्या तालुक्यात त्या चाचणीचा उपयोग होईल की नाही हे कसे ठरवायचे, हे इथे सांगायचे आहे. वाचक म्हणून माझ्या डोळ्यांपुढे ग्रामीण रुग्णालयातले लॅब टेक्निशियन आहेत, तालुका आरोग्य अधिकारी आहेत, जिल्हा हिवताप कार्यालयातले कर्मचारी आहेत आणि नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुले-मुली आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की चाचणी सुटी पारखता येत नाही. ती कुणाच्या रक्तावर, कुठल्या गावात, कोणाच्या हातून चालणार आणि उत्तर आल्यावर कोणती गोळी कोणाला दिली जाणार, हे सगळे तिच्यासोबतच पारखावे लागते.

हिवतापाची आपल्याकडची गोष्ट जुनी आणि दुखरी आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत, असा सरकारी अंदाज होता. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, 1958 साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. डीडीटीची फवारणी करणारी माणसे गावोगाव हिंडली. घर फवारून झाले की दाराशेजारच्या भिंतीवर तारीख लिहून ती पुढच्या घरी जात. 1965 पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. मग लक्ष सुटले, डास डीडीटीला सरावले, पैसा आटला आणि 1976 साली देशात 64 लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. श्रीलंकेत याहून भयंकर झाले होते: 1963 साली अवघे 17 रुग्ण, आणि 1968-69 च्या साथीत पाच लाखांहून जास्त. हा रोग संपत आला असे वाटते तेव्हाच तो कुठे दडला आहे हे शोधण्याची खरी गरज असते. देशाने आता 2027 पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणण्याचे आणि 2030 पर्यंत हिवतापमुक्त होण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. मॉलिक्युलर चाचण्यांची चर्चा एवढी वाढली आहे ती त्यामुळेच.

पण आधी स्लाइडविषयी. कारण नव्या चाचणीची तुलना शेवटी तिच्याशीच होते आणि तिची किंमत ओळखल्याशिवाय नवीन चाचणीची ओळखता येत नाही.

ताप आलेल्या माणसाच्या डाव्या हाताचे मधले किंवा अनामिकेचे बोट स्पिरिटने पुसायचे, ते पूर्ण वाळू द्यायचे, मग लॅन्सेट टोचून पहिला थेंब पुसून टाकायचा. पुढच्या थेंबांतून एकाच काचेवर एक जाड आणि एक पातळ थर करायचा. जाड थराला काचेच्या कोपऱ्याने गोल फिरवत पसरायचे, पातळ थर दुसऱ्या काचेच्या कडेने एका झटक्यात ओढायचा. त्याला शेवटी जिभेसारखा आकार आला तर तो जमला. जाड थर स्थिर करायचा नाही, पातळ करायचा. मग जेएसबी रंग, म्हणजे जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी 1944 च्या सुमारास तयार केलेला स्वस्त आणि झटपट रंग, जो भारताच्या हिवताप कार्यक्रमाने कित्येक दशके वापरला. त्यानंतर तेलाचा थेंब, शंभरपट मोठे करणारी लेन्स आणि निदान शंभर क्षेत्रे. त्या शंभर क्षेत्रांत एकही परोपजीवी दिसला नाही तरच नमुना निगेटिव्ह म्हणायचा. हे सगळे नीट करायला एका स्लाइडमागे पाच-दहा मिनिटे लागतात. पावसाळ्यात टेबलावर शंभर स्लाइडींचा गठ्ठा पडला की काय होत असेल ते ज्याने तो गठ्ठा पाहिला आहे त्याला कळते.

या शंभर क्षेत्रांत आपण पाहतो ते रक्त जेमतेम पाव मायक्रोलिटर असते. कसलेला तज्ज्ञ एका मायक्रोलिटरमागे पाच-दहा परोपजीवी असले तरी ओळखतो. रोजच्या कामाच्या धबडग्यात ही मर्यादा पन्नास ते शंभरापर्यंत जाते. आता हा हिशेब करून पाहा. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर, म्हणजे पन्नास लाख मायक्रोलिटर रक्त असते. मायक्रोलिटरमागे पन्नास परोपजीवी म्हणजे अंगात पंचवीस कोटी. एवढे असूनही स्लाइड निगेटिव्ह येऊ शकते.

आशाताईंच्या पिशवीतली रॅपिड किट याच मर्यादेच्या आसपास काम करते. तिला वीज लागत नाही, पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते आणि गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्लीसारख्या भागात तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण तिची दोन व्यंगे लक्षात ठेवावी लागतात. फॅल्सिपेरमची रेघ बहुतेक किटमध्ये एचआरपी-2 नावाच्या प्रथिनावर अवलंबून असते. हे प्रथिन रुग्ण बरा झाल्यावरही कित्येक आठवडे रक्तात राहते, त्यामुळे गेल्या महिन्यात उपचार झालेला माणूस आजही पॉझिटिव्ह दिसू शकतो. उलट, ज्या परोपजीवीच्या जनुकसंचातून या प्रथिनाचे जनुकच गळाले आहे, तो किटला दिसतच नाही. असे परोपजीवी प्रथम पेरूत आढळले, 2010 साली त्याचा शोधनिबंध आला; नंतर आफ्रिकेत आणि भारतातल्या काही नमुन्यांतही ते मिळाले. ही गोष्ट उघड झाली ती मॉलिक्युलर चाचण्यांमुळे.

पीसीआर प्रथिनाकडे पाहत नाही, ती थेट डीएनए शोधते. परोपजीवीच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा पुन्हापुन्हा दुप्पट करत नेला की तो मोजण्याइतका होतो. 1993 साली जॉर्जेस स्नूनू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 18एस आरआरएनए जनुकावर आधारलेली नेस्टेड पीसीआर मांडली. तिच्यात माणसाला होणाऱ्या हिवतापाच्या तेव्हा मानल्या जाणाऱ्या चारही जाती वेगळ्या ओळखता येत होत्या, आणि पुढे कितीतरी वर्षे बाकीच्या चाचण्यांची तुलना तिच्याशीच होत राहिली. साधारणपणे पीसीआर मायक्रोलिटरमागे एक-दोन परोपजीवी पकडते. जास्त रक्त घेऊन आणि जनुकसंचात शेकडो प्रती असलेला तुकडा निवडून केलेल्या अतिसंवेदनशील चाचण्या त्याहून कितीतरी खाली जातात. 2000 साली जपानी शास्त्रज्ञांनी मांडलेली लॅम्प पद्धत साधारण 65 अंशांच्या एकाच तापमानाला चालते, त्यामुळे तिला महागडे थर्मोसायकलर लागत नाही आणि तासाभरात उत्तर मिळते.

या चाचण्यांनी काय साधले याचे एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. मलेशियातल्या सारावाकमध्ये रुग्णांच्या स्लाइडी वर्षानुवर्षे मलेरी जातीच्या म्हणून नोंदल्या जात होत्या. 2004 साली त्याच भागातल्या रुग्णांचे नमुने पीसीआरवर तपासले तेव्हा त्यांतले बरेच नोलेसी या माकडांतल्या परोपजीवीचे निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जवळपास सारखे दिसतात. पण मलेरी मंद गतीचा आहे आणि नोलेसी चोवीस तासांत वाढून माणसाचा जीव घेऊ शकतो. या परोपजीवीचा अभ्यास कोलकात्यात रॉबर्ट नोल्स आणि बी. एम. दासगुप्ता यांनी 1932 सालीच केला होता, हेही इथे नोंदवतो.

आता पारखण्याच्या मूळ अडचणीकडे येतो. या पुस्तिकेतली सर्वांत जास्त पाने तिने घेतली आहेत.

नवी चाचणी जुन्या चाचणीशी ताडून पाहायची हा रिवाज आहे. पण नवी चाचणी जुन्या चाचणीपेक्षा सरस असेल तर काय करायचे? समजा, एक हजार नमुने आहेत. स्लाइडवर पन्नास पॉझिटिव्ह आले. पीसीआरवर सत्तर आले, त्यांतले एकोणपन्नास स्लाइडवरचेच. स्लाइडला प्रमाण मानले तर पीसीआरची संवेदनशीलता 98 टक्के भरते, ती ठीक. पण उरलेले एकवीस जण? स्लाइड म्हणते ते निरोगी, म्हणून कागदावर ते खोटे पॉझिटिव्ह ठरतात आणि पीसीआरची विशिष्टता 97.8 टक्क्यांवर येते. प्रत्यक्षात त्यांतले बरेच खरोखर बाधित असू शकतात आणि चूक स्लाइडची असू शकते. किंवा प्रयोगशाळेत आधीच्या तपासणीतला डीएनए उडून या नळ्यांत पडला असेल. आकड्यावरून हे कळत नाही. त्यासाठी वेगळ्या जनुकावर आधारलेली दुसरी पीसीआर, तीही शक्य तर वेगळ्या प्रयोगशाळेत, करावी लागते. इथे एक सापळा आहे. पुष्कळ अभ्यासांत फक्त हे वादातले बावीस नमुने पुन्हा तपासले जातात आणि दोन्हींत जुळलेले नमुने तसेच सोडले जातात. असे केले की नवी चाचणी हमखास आहे त्यापेक्षा चांगली दिसते. जुळलेल्यांतलेही काही नमुने यादृच्छिक पद्धतीने निवडून पुन्हा तपासले पाहिजेत. शोधनिबंध वाचताना मी आधी हेच शोधतो.

दुसरी अडचण आपल्या भागासाठी जास्त जवळची आहे. हिवताप विरळ झाला की चांगली चाचणीही फसवू लागते. समजा, एक लाख लोकांत पन्नास बाधित आहेत आणि चाचणीची संवेदनशीलता 95 टक्के, विशिष्टता 99 टक्के आहे. कागदावर हे आकडे उत्तम दिसतात. पण सगळ्यांची तपासणी केली तर बाधितांतले सुमारे 47 सापडतील आणि निरोगी लोकांतले सुमारे एक हजार जण पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह अहवाल हातात घेतलेल्या दर बावीस माणसांतला जेमतेम एक खरा. बाकीच्यांना विनाकारण औषध जाईल. व्हायवॅक्ससाठी चौदा दिवसांचे प्रायमाक्विन द्यावे लागते, आणि जी-6-पीडी या विकराची कमतरता असलेल्या माणसाच्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात. खोट्या पॉझिटिव्हची किंमत अशी अंगावर येते. म्हणून विरळ हिवतापाच्या भागात एका पॉझिटिव्हवर थांबायचे नाही. त्या हजारभर लोकांचे नवे रक्त घेऊन दुसऱ्या जनुकावरची चाचणी केली, आणि दोन्ही चाचण्यांच्या चुका एकमेकींवर अवलंबून नसल्या, तर 45 खरे आणि सुमारे दहा खोटे उरतात. ‘नवे रक्त’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. पहिल्याच नळीत बाहेरचा डीएनए पडला असेल तर ती नळी दहा वेळा तपासूनही उत्तर तेच येणार.

तिसरी गोष्ट थेंबाची. यंत्राची संवेदनशीलता कितीही असो, नळीत घातलेल्या रक्तात परोपजीवी असावा लागतो. मायक्रोलिटरमागे 0.1 परोपजीवी असलेल्या माणसाच्या अंगात पाच लाख परोपजीवी असतात. त्याच्या बोटाचे दहा मायक्रोलिटर रक्त गाळणकागदावर घेतले, तर त्यात सरासरी एक परोपजीवी येतो. आणि सरासरी एक असताना शंभरांतल्या सदतीस जणांच्या थेंबात एकही नसतो, हे संभाव्यतेचे साधे गणित आहे. विहिरीतून काढलेल्या तांब्यात मासा आला नाही म्हणून विहिरीत मासा नाही असे कुणी म्हणत नाही. म्हणून चाचणीच्या माहितीपत्रकावर ‘इतके परोपजीवी पकडते’ असे लिहिले असेल तर किती रक्तातून, बोटाच्या की शिरेच्या, ताज्या की कागदावर वाळलेल्या, हे विचारल्याशिवाय तो आकडा पुरा होत नाही. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडायचे तर मोजपट्टीही एक हवी. फॅल्सिपेरमच्या डीएनएचा आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुना जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली मान्य केला, तो त्यासाठीच.

आणि काही गोष्टी कोणत्याही रक्तचाचणीच्या आवाक्यातल्या नाहीत. व्हायवॅक्सचे सुप्त रूप यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहते. तेव्हा रक्तात काहीच नसते आणि पीसीआरही निगेटिव्ह येते. मुंबईत बांधकामावर असताना डास चावलेला मजूर गावी येऊन पोळ्याच्या सुमारास तापाने फणफणला, तर त्याची आधीची निगेटिव्ह चाचणी खोटी नव्हती, पण ती त्याच्याविषयी पुरेसे सांगतही नव्हती.

मराठवाड्यात हे सगळे आता का बोलायचे? कारण साधने दाराशी आली आहेत. कोविडच्या काळात, 2020 साली, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आरटी-पीसीआरच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. त्याआधी पीसीआर हा शब्द या जिल्ह्यात वर्गात शिकवायचा होता. त्यानंतर तो बसस्थानकावर ऐकू येऊ लागला. क्षयरोगाच्या निदानासाठी ट्रूनॅट यंत्रे तालुक्यांपर्यंत गेली. हे यंत्र गोव्याच्या मोलबायो कंपनीचे, बॅटरीवर चालणारे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली त्याच्या क्षयरोगाच्या चाचणीला मान्यता दिली. त्याच यंत्रावर हिवतापाची चिपही चालते. म्हणजे नवे यंत्र न घेता तालुक्याच्या ठिकाणी हिवतापाची मॉलिक्युलर चाचणी करणे आता शक्य कोटीतले आहे. शक्य आहे म्हणून ती सरसकट करावी का, हा प्रश्न वेगळा आणि तो नीट सोडवला पाहिजे.

माझे मत स्पष्ट आहे. उमरीच्या ओपीडीत तापाने आलेल्या प्रत्येकाला पीसीआरची गरज नाही. ज्याला हुडहुडी भरून ताप आला आहे, त्याच्या रक्तात परोपजीवी बहुधा स्लाइडला आणि किटला दिसण्याइतके असतात, आणि त्याला उत्तर आजच हवे असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 साली हीच भूमिका घेतली: रुग्णाच्या उपचारासाठी चांगल्या दर्जाची सूक्ष्मदर्शक तपासणी आणि रॅपिड किट, मॉलिक्युलर चाचणी संशोधनासाठी आणि विरळ हिवतापाच्या भागातल्या पाहणीसाठी. नमुना जिल्ह्याला पाठवून चार दिवसांनी आलेला अचूक अहवाल फॅल्सिपेरमच्या रुग्णाच्या कामाचा नाही.

मॉलिक्युलर चाचणीचे काम दुसरीकडे आहे. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात, गडचिरोलीत, शेजारच्या बस्तरमध्ये ताप नसलेल्या पण परोपजीवी बाळगणाऱ्या लोकांना शोधायचे आहे. छत्तीसगडने 2020 मध्ये ‘मलेरियामुक्त बस्तर’ मोहिमेत घरोघरी तपासणी केली तेव्हा पॉझिटिव्ह आलेल्यांत लक्षणे नसलेल्यांचे प्रमाण फार मोठे निघाले, आणि तेही रॅपिड किटवर. किटच्या मर्यादेखाली किती जण असतील ते मॉलिक्युलर पाहणीशिवाय कळणार नाही. स्लाइड आणि किट यांचे उत्तर जुळत नाही तिथे, मिश्र संसर्गाची शंका आहे तिथे, उपचारानंतर परोपजीवी हटले नाहीत तिथे, आणि तालुक्यात वर्षभर रुग्ण नसताना अचानक एक स्थानिक रुग्ण नोंदला गेला तिथे ही चाचणी हवीच. शेवटचा प्रसंग उमरीसारख्या तालुक्याचा आहे. त्या एका रुग्णावरून पुढचे सगळे ठरते: फवारणी करायची का, आजूबाजूच्या पन्नास घरांचे रक्तनमुने घ्यायचे का, जिल्ह्याच्या अहवालात तो स्थानिक लिहायचा की बाहेरून आलेला.

पारखणी प्रयोगशाळेच्या थंड खोलीत संपत नाही, यावर या पुस्तिकेत शेवटची प्रकरणे आहेत. नांदेडात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उणे वीस अंशांत ठेवायची रसायने वीज गेल्यावर किती तास टिकतात, ते इथेच मोजले पाहिजे. नमुना घेणाऱ्याच्या बॅगेत दुपारभर राहिलेला गाळणकागद ओलसर झाला तर डीएनए किती उरतो, तेही. दर तपासणीत रक्ताऐवजी नुसते पाणी घातलेली नळी लावावी. ती पॉझिटिव्ह आली तर त्या दिवसाचे सगळे अहवाल थांबवावेत, मग कुणी वरून कितीही घाई करो. आणि मूल्यमापन लिहिताना न चाललेल्या नळ्या, वाया गेलेले नमुने, उत्तर न आलेले रुग्ण यांचे आकडेही छापावेत. अशा अहवालांसाठी स्टार्ड नावाची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, तिचा मराठी सारांश दिला आहे. तो भिंतीवर लावण्याजोगा आहे.

तुमच्या रुग्णालयात किंवा महाविद्यालयात हिवतापाची मॉलिक्युलर किट विकत घ्यायची वेळ आली, तर पुरवठादाराकडे तीन गोष्टी लेखी मागा. ही चाचणी भारतातल्या रुग्णांच्या, विशेषतः व्हायवॅक्सच्या, किती नमुन्यांवर आणि कशाशी ताडून तपासली? किती रक्तातून किती परोपजीवी पकडते? आणि निरोगी माणसांच्या किती नमुन्यांत ती चुकून पॉझिटिव्ह आली? या तिन्हींची उत्तरे लेखी आली नाहीत, तर खरेदीच्या कागदावर सही करू नका.